फ्रिजवर लावायचा ‘कुत्र्याला हे देऊ नका’ चार्ट : सोलापुरी घरात किती कामाचा? (५ पैकी २ स्टार)

प्रॉडक्ट म्हणजे एक चार्ट आहे. मागं मॅग्नेट, वरून लॅमिनेशन, मराठीत छापलेला, वरती लाल अक्षरात ‘कुत्र्याला हे देऊ नका’, खाली बारा चौकोन, प्रत्येकात एक फोटो आणि त्यावर फुली. १४९ रुपये. होटगी रोडच्या बाजूला एका पेट शॉपमध्ये काउंटरवरच ठेवलेला असतो, ऑनलाइन पण दिसतो. बनवणाऱ्याचं नाव टाकत नाही, कारण असले चार-पाच चार्ट बाजारात आहेत आणि सगळे एकमेकांचेच कॉपी वाटतात, म्हणजे एकाला नावं ठेवून उपयोग नाही.

आधी घरचं सांगते म्हणजे कुठल्या नजरेनं बघितलंय ते कळेल. जुळे सोलापुरात राहतो, एकत्र कुटुंब, राणी आमची लॅब (लॅब्राडोर कुत्री), २८ किलोची. खालच्या मजल्यावर बबली, पॉमेरियन, जेमतेम ४ किलो. दोघी दिवसभर एकाच अंगणात, आणि अंगणात येणारा-जाणारा प्रत्येक जण हातातलं काहीतरी टाकणारच. मामा (माझे सासरे) चहात बुडवलेली खारी देतात, आत्या (सासूबाई) ताटातला शेवटचा घास राणीसाठी राखून ठेवतात, पोरांचं तर बोलायलाच नको. मी काही बोलले की “कुत्र्याला काय होतंय बे, आमच्या गावाकडची कुत्री काय काय खात होती” हे ठरलेलं उत्तर. तेव्हा चार्ट मला नकोच होता, बाकीच्यांना हवा होता. घरातल्या सुनेचं ऐकत नाहीत पण छापलेल्या कागदाचं ऐकतात, हा माझा अंदाज, आणि तो खरा निघाला हेही सांगते.

चांगलं काय ते पटकन. प्रिंट झकास आहे, अक्षर एवढं मोठं की मामा चष्म्याशिवाय वाचतात. मॅग्नेट दणकट, फ्रिजचं दार कितीही आपटलं तरी चार्ट हलत नाही. फोडणीचे शिंतोडे ओल्या फडक्यानं निघतात. आणि घरात विषय तरी निघाला, “राणीला द्राक्षं चालत नाहीत होय?” असं आत्यांनी स्वतःहून विचारलं. त्याला एक स्टार. दुसरा स्टार का दिला ते पुढं कळेलच, तिसरा का नाही ते जास्त महत्त्वाचं.

चार्टवर सगळ्यात मोठा फोटो कशाचा असेल? ॲव्होकाडोचा. त्याच्या शेजारी मॅकॅडेमिया नट्स. मॅकॅडेमिया खाल्ल्यावर कुत्र्याचे मागचे पाय लटके पडतात, अंग थरथरतं, हे खरं आहे, पण सोलापुरात मॅकॅडेमिया आणणारं घर मला दाखवा. आणि ॲव्होकाडोचं म्हणाल तर त्यातलं पर्सिन नावाचं द्रव्य पक्ष्यांना, शेळ्या-घोड्यांना जास्त बाधतं, कुत्र्याला त्याची बी घशात-आतड्यात अडकायची आणि गराच्या चरबीनं पोट बिघडायची भीती मोठी. म्हणजे एवढा मोठा चौकोन त्याला देऊन तुम्ही जागा घालवली. ज्याची खरी भीती ते कांदा-लसूण एका कोपऱ्यात, एवढेसे.

कांद्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथं चार्ट सगळ्यात कमी पडतो. फोटो अख्ख्या लाल कांद्याचा. तो बघून माणूस काय समजतो, की कुत्र्याला कच्चा कांदा द्यायचा नाही. कोण देतंय कच्चा कांदा? आपलं गाव कांद्याचं, मार्केट यार्डात सीझनला कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, आणि आपल्याकडं कांदा आमटीत, रश्श्यात, भाजीत, खिचडीत, ऑम्लेटमध्ये, कशात नाही ते सांगा. शिजवला, तळला, वाळवला, पावडर केली तरी त्यातला गंधकाचा घटक जात नाही, आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. एका वेळी वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा गेला की त्रास होतो असं धरतात. म्हणजे राणीला १४० ग्रॅम, एक मोठा कांदा. बबलीला फक्त २० ग्रॅम, म्हणजे तुमच्या कांदाभजीतली दोन-तीन भजी. शिवाय रोज थोडं थोडं गेलं तरी साठत जातं. लसूण तर कांद्याच्या तीन ते पाच पट तेज.

फसवणूक कुठं होते माहितीये का, लगेच काही दिसत नाही. खाल्लं, शेपूट हलवली, झोपली. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या, दमायला होतंय, लघवी लालसर किंवा चहासारखी गडद. तोपर्यंत घरात कुणाला आठवत पण नाही की रविवारी रस्सा दिला होता. हे एक वाक्य चार्टवर असतं तर मी तिसरा स्टार दिला असता.

आता शेंगा चटणी. सोलापूरच्या घरात कुत्र्याला काय देऊ नये असा चार्ट कुणी बनवला तर पहिला चौकोन हिचा पाहिजे. शेंगदाणे स्वतः वाईट नाहीत, भाजलेले, बिनमिठाचे चार दाणे राणी आवडीनं खाते. पण चटणीत लसूण उखळात कुटून कुटून घातलेला, वर तिखट, वर मीठ, आणि तेल सुटेपर्यंत कुटल्यामुळं सगळं एकजीव. कडक भाकरीवर चटणी पसरून त्याचा तुकडा कुत्र्याला टाकणं ही आपल्याकडची इतकी सहज गोष्ट आहे की त्यात काही चुकीचं असेल असं कुणाला वाटतच नाही. नुसती कडक भाकरी द्या ना, ज्वारीची, ती चालते. मंगळवेढ्याच्या ज्वारीची असेल तर कुत्र्याला कळतं का माहीत नाही पण आमची राणी जास्त आवाज करून खाते एवढं नक्की.

आणि याच चार्टच्या खाली हिरव्या पट्टीत ‘हे चालेल’ म्हणून काय लिहिलंय, पीनट बटर! पुढं एक शब्द नाही. अहो, काही शुगर-फ्री पीनट बटरमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, आणि झायलिटॉल कुत्र्याला चॉकलेटपेक्षा भयानक. कुत्र्याच्या वजनाच्या किलोला १०० मिलिग्रॅम गेलं की इन्सुलिन एकदम वाढतं, रक्तातली साखर धाडकन खाली येते, कधी अर्ध्या तासात कुत्रं लडखडायला लागतं, त्याच्या पाचपट गेलं तर लिव्हर निकामी होऊ शकतं. चार्टवर शुगर-फ्री च्युइंगगमवर फुली आहे, पण तिथंही झायलिटॉल हे नाव नाही. नाव नाही म्हटल्यावर लेबलवर शोधणार काय? डब्यावर झायलिटॉल किंवा ९६७ नंबर दिसला तर तो डबा कुत्र्यापासून लांब. काही टूथपेस्ट, माऊथवॉश, चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या यातही असतं. ज्या घरात कुणाला शुगर आहे (आणि आता कुठल्या घरात नाही) तिथं हे बघाच.

चॉकलेटचा चौकोन बरा आहे पण अर्धवट. थिओब्रोमिन नावाचं द्रव्य असतं, कॅफिनच्याच घराण्यातलं, आपलं शरीर ते लवकर बाहेर काढतं, कुत्र्याच्या अंगात त्यातलं अर्धं उतरायलाच १७ तासांच्या आसपास लागतात. वजनाच्या किलोला २० मिलिग्रॅमपासून उलट्या, जुलाब, सैरभैर फिरणं, ४० ते ५० च्या पुढं हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढं झटके. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये हे अंदाजे २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ किंवा जास्त, बिनसाखरेच्या कोको पावडरीत २० किंवा त्याच्याही वर. आता हिशोब करा. ४० ग्रॅमची मिल्क चॉकलेटची वडी राणीनं उचलली तर किलोला ३ मिलिग्रॅम पण होत नाही, फार तर पोट बिघडेल. तीच वडी बबलीनं खाल्ली की बरोबर २० वर पोचली. आणि पोरांच्या केकसाठी आणलेली कोको पावडर १० ग्रॅम तिच्या पोटात गेली तर थेट ५०, म्हणजे उचला आणि पळा. चार्टवर वजनाचा विषयच नाही. लॅबवाला उगाच घाबरतो आणि पॉमवाला निवांत राहतो, असा उलटा कारभार होतो.

द्राक्षांना मात्र असला हिशोब लागत नाही, म्हणून तिथं फुली पुरते आणि दुसरा स्टार त्याच्यासाठी, कारण चार्टवाल्यांनी मनुके आणि बेदाणे दोन्ही वेगळे लिहिलेत, फोटोसकट. हे महत्त्वाचं. आपला जिल्हा द्राक्षाचा, नान्नजकडं बागा, पंढरपूर-कासेगावकडं बेदाण्याची शेड, सीझनला नातेवाइकांकडून पेट्या येतात आणि पोरं कुत्र्याच्या तोंडात द्राक्षं फेकून कॅच कॅच खेळतात. एखाद्या कुत्र्यानं वाटीभर खाल्ली तरी काही होत नाही, दुसऱ्याची थोड्याशानंच किडनी जाते, आणि आधी कळायला काही मार्ग नाही. बरीच वर्षं कारणच कळत नव्हतं, २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडकडं बोट दाखवलं. ते द्राक्षाच्या जातीप्रमाणं, पिकण्याप्रमाणं कमी-जास्त असतं म्हणून एवढा फरक पडत असावा. बेदाणा जास्त घातक कारण साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, पाणी उडतं, बाकी सगळं त्यातच राहतं. पहिल्या दिवसात उलट्या, मग खाणं बंद, एक ते तीन दिवसांत किडनीचं दुखणं समोर येतं.

तर बेदाणा आपल्या घरात कुठं असतो? शिऱ्यात. सत्यनारायणाचा प्रसाद, प्रसाद म्हणून कुत्र्याला पण थोडा, “मुकं जनावर आहे, त्याला नको का?” असं म्हणून. भावना बरोबर आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही, बेदाणे घालायच्या आधी चमचाभर वेगळा काढा, किंवा सरळ केळ्याचा तुकडा प्रसाद म्हणून द्या. खीर, पुलाव, फ्रूट केक, सुकामेव्याचे लाडू, तिथंही तेच.

टार्टारिक ॲसिडवरून पुढची गोष्ट जी चार्टवर कुठंच नाही ती म्हणजे चिंच. चिंचेत तेच ॲसिड भरपूर असतं आणि चिंच खाऊन कुत्र्याच्या किडनीला त्रास झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. चिंच-गुळाची आमटी, चिंचेचा कोळ घातलेलं सार, भेळेची गोड चटणी, हे सगळं यात आलं. परदेशातल्या घरात चिंच नसते म्हणून त्यांच्या यादीत ती वर नाही, ते समजू शकते, पण तुम्ही मराठीत छापून सोलापुरात विकताय तर एकदा आपल्या ओट्याकडं बघायला काय हरकत होती? हाच माझा सगळा राग आहे या चार्टवर. यादी कुणाच्या तरी दुसऱ्या किचनची उचलली आणि फोटो चिकटवले.

रविवारचं मटण. हा विषय आमच्याकडं सगळ्यात जास्त भांडणाचा. चार्टवर हाडांचा उल्लेखच नाही, कारण हाड ‘विष’ नाही ना. पण शिजलेलं हाड चावलं की त्याचे टोकदार तुकडे होतात, घसा, आतडं कुठंही टोचतात. कोंबडीचं तर जास्तच. आणि रश्श्यातला पीस पाण्याखाली धुऊन देणं, हे जवळजवळ सगळ्या घरात करतात, त्यानं तिखट थोडं जातं, मटणात मुरलेलं कांदा-लसूण कसं जाईल? बरं, “मग अळणी दे की” म्हणतात, पण आपल्या अळणीत पण हळद-मिठाबरोबर कांदा-लसूण असतोच की नाही. कुत्र्याला द्यायचं असेल तर कापून आणल्या आणल्या दोन बोटी बाजूला काढा, नुसत्या पाण्यात शिजवा, हाड काढा, चरबी काढा, द्या. आमच्याकडं आता आत्या स्वतः एक छोटं पातेलं वेगळं चढवतात आणि मलाच सांगतात की मीठ घालू नकोस.

चरबीवरून, तुपात निथळणारी पुरणपोळी, तळलेलं, मिठाई, हे पण चार्टवर पाहिजे होतं. एकदम जास्त तेल-तूप गेलं की स्वादुपिंडाला सूज येते, पोट दुखून कुत्रं पुढचे पाय लांब करून मागचा भाग वर ठेवून बसतं, आणि सणासुदीला हे घडायला वेळ लागत नाही. पुरणात जायफळ असतं ते चिमूटभरच, त्यानं काही होणार नाही, अख्खं जायफळ चावून खाल्लं तर मात्र त्रास. डाळिंब विषारी नाही, पण साल आणि मधले पडदे पोटात जड जातात. आंबा चालतो, कोय नाही. मक्याचं कणीस खाऊन झाल्यावर मधली दांडी कचऱ्यात उघडी टाकू नका, आतड्यात अडकली की ऑपरेशन. चहाचा चोथा पण तसाच, त्यात कॅफिन उरलेलं असतं, झाकणाची बादली घ्या. मामांची खारी आता कोरी झालीये, चहात न बुडवता, त्यात पण मैदा आणि डालडा आहेच पण एवढ्यावर तह झालाय.

दारू चार्टवर आहे, बरोबर आहे. यीस्टचं कच्चं पीठ आहे, तेही बरोबर, पोटात फुगतं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं, घरी पाव-पिझ्झा करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मशरूमवर सरसकट फुली आहे, त्याची गरज नव्हती, बाजारातलं साधं बटण मशरूम नुसतं शिजवलेलं चालतं, रानात उगवलेलं नको.

आता मागची बाजू. खरं सांगायचं तर रिव्ह्यू लिहायला बसले ते हिच्यामुळंच. मागं ‘प्रथमोपचार’ म्हणून लिहिलंय की कुत्र्यानं यातलं काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवा आणि मग दूध पाजा. हे वाचून मी आमच्या डॉक्टरांना चार्टच नेऊन दाखवला, त्यांनी डोक्याला हात लावला. मिठाचं पाणी पाजल्यानं रक्तातलं सोडियम वाढून उलट मेंदूला सूज, झटके, जीव जायची वेळ येऊ शकते. दुधानं काही उतरत नाही, पोट अजून बिघडतं. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, साधारण खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत नेलं तर इंजेक्शन देऊन काढता येते. कुत्रं गुंगीत असेल, झटके येत असतील, किंवा टोकदार हाड गिळलं असेल तर उलटी करवायचीच नाही. आपण घरी करायचं ते एवढंच, तोंडातलं उरलेलं काढायचं, काय खाल्लं, किती, किती वाजता हे लिहून ठेवायचं, रॅपर किंवा डबा सोबत घ्यायचा, कुत्र्याचं वजन माहीत असायला पाहिजे, आणि लगेच फोन करून निघायचं. द्राक्ष आणि झायलिटॉलच्या बाबतीत “बघू सकाळपर्यंत” अजिबात नाही, कुत्रं कितीही खेळत असलं तरी.

दुकानदाराला हे जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, आम्ही फक्त विकतो, छापणारे दुसरे.” मग म्हणाला, “लोकं पुढची बाजूच बघतात, मागं कोण वाचतंय.” वाचत नाहीत हे खरं असेल पण ज्या दिवशी कुत्रं काही खाईल त्याच दिवशी माणूस चार्ट उलटा करून बघणार ना? पैसे परत मागितले नाहीत, वाद घालत बसले नाही.

घ्यायचा का? आहे तसा नको. मी काय केलंय ते सांगते, मागची बाजू पूर्ण पांढऱ्या कागदानं चिकटवून टाकली, त्यावर डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आणि राणी-बबलीचं वजन लिहिलं. पुढं ॲव्होकाडोच्या चौकोनावर स्टिकर लावून ‘शेंगा चटणी, आमटी, रस्सा’, मॅकॅडेमियावर ‘चिंच’, आणि हिरव्या पट्टीतल्या पीनट बटरपुढं ‘लेबल बघून’ असं मार्करनं. लॅमिनेशनवर साधं स्केचपेन टिकत नाही, परमनंट मार्कर घ्या. एवढी मेहनत करायची तयारी असेल तर ठीक, नाहीतर पोरांकडून ड्रॉइंग शीटवर करून घ्या, १० रुपयात होतं. आणि मोठ्या साइजचा २४९ वाला घेऊ नका, सिंगल डोअर फ्रिजवर हँडलला अडतो.